स्लावाच्या तोंडावर लस

रास्तकोने आयुष्यात स्वतःच्या मनाने घेतलेले निर्णय एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि तरी दोन-तीन बोटं शिल्लक राहिली असती. वाल्येवो गावाच्या नगरपालिकेत तो पाणीपट्टी खात्यात कारकून होता. तिथे निर्णय साहेब घेत. घरी आई घेई. आई दमली की बायको घेई. (घरात मांजर पाळायचं की नाही, हा निर्णय मांजराने घेतला होता.) त्यामुळे त्या नोव्हेंबरात एका दुपारी त्याने कुणालाही न विचारता एक छोटासा निर्णय घेऊन टाकला, तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

निर्णय एवढाच, की सात वर्षांच्या लेकीला, दुन्याला, फ्लूची लस आजच टोचून आणायची.

लस द्यायची हे तसं ठरलेलंच होतं. गेल्या हिवाळ्यात दुन्याने अख्खा आठवडा फ्लूने अंथरूण धरलं होतं, तेव्हाच यास्नाने नवऱ्याला बजावलं होतं, की पुढच्या वर्षी पोरीला टोचायची. पण यास्ना शहाणी. ती म्हणाली होती, "स्लावा होऊन जाऊ दे. आणि तोवर आईंच्या कानावर काही घालू नकोस."

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, आणि तो उद्यावर आला होता. स्लावाला कुणाला आमंत्रण नसतं आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं. त्यामुळे रास्तकोची आई, कोसाराबाई, अख्खं दुष्काळी गाव जेवायला येणार असल्यासारखा स्वयंपाक करत होत्या. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळता गुंडाळता त्या सुनेला, मुलाला आणि मधूनच संतालाही सूचना देत होत्या. यंदा आणखी एक कारण होतं. पाद्री आला की मेणबत्तीसमोर स्लावाचा गोल पाव सगळ्या घराने मिळून हातात धरून फिरवायचा असतो, आणि यंदा पहिल्यांदाच दुन्याला त्याला हात लावायला मिळणार होता. पोरगी पंधरवडाभर घरातली ताटं फिरवून सराव करत होती. एक फुटलंही होतं.

रास्तकोला मेणबत्ती आणायला पिटाळलं होतं. दुन्या सोबत होती. वाटेत सरकारी दवाखाना लागला, आणि दाराशी रांग नव्हती. रांग नसलेलं सरकारी दार दिसलं की कारकुनाला राहवत नाही. अशी संधी पुन्हा येत नसते. तो आत शिरला.

मुलांची डॉक्टर नेवेन्का त्याची शाळेतली बाकसोबतीण. तिने सुई काढली तशी दुन्याने हात पाठीमागे नेले.

"आधी बाबा."

"अगं, बाबाची लस समोरच्या खोलीत मिळते."

"मग आधी तिथे जाऊ."

गेले. रास्तकोने बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि पुन्हा उघडले तेव्हा काम झालं होतं.

"बाबा, तू डोळे मिटलेस."

"प्रार्थना करत होतो."

मग दुन्याने डोळे उघडे ठेवून टोचून घेतलं. नेवेन्का म्हणाली, "हात दुखेल. एखाद्याला दोनेक दिवस कणकण येते, अंग मोडून येतं, क्वचित चांगला तापही येतो. आपला आपण उतरतो. पाणी भरपूर, कपडे हलके. जास्त वाटलं तर फोन कर. कोसाराकाकूंना सांगितलंयस ना?"

"सांगेन की."

"म्हणजे नाही. मी उद्या जेवायला आहेच तुमच्याकडे. काय होतं ते बघायला मिळेल."

रास्तकोने हे सगळं बाप म्हणून, फक्त मुलीबद्दल ऐकलं. तेच औषध आपल्याही दंडात गेलंय, ही गोष्ट तो दवाखान्याची पायरी उतरता उतरता विसरून गेला.

घरी जाताना त्याने दुन्याला चॉकलेट दिलं आणि आजीला काही सांगायचं नाही असं कबूल करून घेतलं. दुन्या दिल्या शब्दाला पक्की. संध्याकाळी अंघोळ घालताना कोसाराबाईंना दंडावरची पट्टी दिसली, त्यांनी विचारलं, "हे काय गं?" तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं, "बाबाने सांगितलंय, सांगायचं नाही."

"रास्तको!"

ही हाक दोन घरं पलीकडे ऐकू गेली असणार.

"आई, लस आहे. फ्लूची. साधी."

"स्लावाच्या आदल्या दिवशी? अरे, कोंबडीसुद्धा कापायच्या आदल्या दिवशी कुणी हाताळत नाही! उद्या पोरीने पाव धरायचा, आणि आज तू तिला भोकं पाडून आणलीस?"

"एकच भोक आहे, आई."

"कुणाला विचारलंस?"

खरं उत्तर 'कुणालाच नाही' असं होतं आणि त्या घरात या उत्तराची कधी गरजच पडली नव्हती. यास्ना स्वयंपाकघरातून बाहेर आली, नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा आत गेली. ते बघणं त्याला आईच्या ओरडण्यापेक्षा महाग पडलं.

"ऐक," कोसाराबाई म्हणाल्या, "उद्या या पोरीला काही झालं, तर पुन्हा या घरातल्या लेकराला कुठलीही सुई लागणार नाही. माझा जीव आहे तोवर तर नाहीच."

कोसाराबाईंचं वैद्यकशास्त्र आटोपशीर होतं. जगातले सगळे आजार दोनच कारणांनी होतात, ओल्या केसांनी आणि आरपार वाऱ्याने. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडल्या की मधून जो वारा वाहतो, त्याने त्यांच्या माहितीतल्या माणसांची तोंडं वाकडी झाली होती, कंबरा धरल्या होत्या आणि एका लांबच्या दिराचं लग्न मोडलं होतं. या दोन कारणांत आता तिसऱ्याची भर पडली. त्यांनी लगेच दुन्याच्या तळपायांना राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, चोळली, वर लोकरी मोजे चढवले, खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबले आणि पोरीला शेगडीजवळच्या कोचावर रजईत गुंडाळून ठेवलं.

"आजी, मला बरं वाटतंय."

"आजारी माणसाला काय कळतंय!"

सकाळी रास्तको उठला तो हुडहुडी भरूनच. घर गारठलंय, असं त्याला वाटलं. त्याने शेगडीत लाकडं घातली. अंगाला ऊब येईना, म्हणून आणखी घातली. सांधे ठणकत होते, पण काल टेबलं कुणी हलवली होती? डोकं जड होतं, पण ज्याच्या आईने रात्रभर अबोला धरलाय त्याचं डोकं हलकं कसं असेल?

कोचावर दुन्या टोमॅटोसारखी लाल झाली होती. लोकरी टोपीखालून घामाचे ओघळ येत होते.  रास्तकोने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो घाबरला. कपाळ गार लागत होतं!

"आई, पोरगी गार पडलीये!"

कोसाराबाईंनी हात ठेवला. "गार? अरे, भाजतेय! तुझे हात मेलेत की काय?"

"थर्मामीटर लावा ना," स्वयंपाकघरातून यास्ना ओरडली. तिच्या हातात डुकराच्या भाजलेल्या मांसाची परात होती, ती सोडून येणं शक्य नव्हतं.

थर्मामीटर सापडला. पण रास्तको पाणीपट्टी खात्यातला माणूस. त्यांच्याकडे नवा मीटर गिऱ्हाइकाच्या नळाला लावण्याआधी ऑफिसच्या नळाला लावून बघायची पद्धत आहे. त्याने शिस्तीत आधी स्वतःच्या काखेत लावला. साडेअडतीस अंश सेल्सियस, म्हणजे चांगलाच ताप.

"बिघडलाय," तो म्हणाला.

तरी खात्री करायला दुन्याला लावला. सदतीसलाही पोचला नाही.

"पार कामातून गेलाय! माझ्यासारख्या ठणठणीत माणसाला साडेअडतीस दाखवतोय आणि तापलेल्या पोरीला काहीच नाही."

"सांगत होते," कोसाराबाई म्हणाल्या. "काचेच्या नळीला काय कळतंय?"

(काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर काखेत थर्मामीटर होता.)

यास्नाने आतूनच सांगितलं, शेजारच्या स्तामेनाबाईंचा मागून आण. रास्तको कोटावर कोट चढवून गेला. स्तामेनाबाईंचा थर्मामीटर गेल्या वर्षीच फुटला होता, पण कशाला हवा, कुणाला, केव्हापासून आणि कशामुळे, एवढी माहिती काढून घेतल्याशिवाय त्यांनी तसं सांगितलं नाही. तो घरी पोचायच्या आत बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. स्लावाला एरवी जेवणाच्या वेळेला उगवणारी माणसं त्या दिवशी सकाळपासूनच यायला लागली.

आलेला प्रत्येक जण आधी कोचाशी जाई. एक म्हणाला, पायाला बटाट्याच्या चकत्या बांधा. दुसरी म्हणाली, व्हिनेगरचे मोजे. स्तामेनाबाई हंसाची चरबी घेऊन आल्या आणि दारातच नाक वर करून म्हणाल्या, "राकियाचा वास येतोय. यजमानांनी लवकर सुरुवात केलेली दिसतेय." मग लाल डोळ्यांच्या, थरथरत्या रास्तकोकडे बघून त्यांची खात्रीच पटली.

रास्तकोने संडासात कडी लावून नेवेन्काला फोन केला.

"किती ताप आहे?"

"थर्मामीटर बिघडलाय. मला गार लागते, आईला गरम लागते."

"खातेय का? खेळतेय का?"

"आम्ही तिला हलूच देत नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "रास्तको, कशालाही हात लावू नकोस. मी निघालेच."

तो कडी न काढता तिथेच बसून राहिला. चेष्टेची वेळ निघून गेली होती, त्याला खरंच रडू येत होतं. एक निर्णय, आयुष्यातला एक निर्णय, आणि तोही पोटच्या पोरीवर उलटला. रांग नव्हती म्हणून! दवाखाना कुठे पळून जात होता का? मनातल्या मनात त्याने घराण्याच्या संताला सांगितलं, की या वेळी हिला बरं कर, पुन्हा मी काही ठरवणार नाही, मोज्यांचा रंगसुद्धा यास्नाला विचारेन. मग त्याला बाहेरून कुणीतरी जोरात दार वाजवून विचारलं की आत फार वेळ लागणार आहे का, आणि प्रार्थना तिथेच संपली.

बाहेर परिस्थिती बिकट होती. पाद्री ओबराद यांना त्या दिवशी बरीच घरं होती आणि ते उशिरा यायचे होते. पाद्री येऊन पाव फिरल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नव्हता. खोलीभर माणसं, टेबलभर अन्न, टॉवेल कोंबलेल्या खिडक्या आणि रास्तको येता-जाता लाकडं घालत असलेली शेगडी. पाहुण्यांचे चेहरे आता दुन्याइतकेच लाल झाले होते, पण खिडकी उघडा म्हणायची छाती कुणाची होत नव्हती. सकाळी पेटवलेली स्लावाची मोठी मेणबत्तीसुद्धा उष्म्याने थोडी वाकली होती.

कोचावरून दुन्याचा बारीक आवाज आला. "आजी, पाद्रीबाबा आले की मी उठू ना?"

"बघू हं, राणी."

'बघू' म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं. तिचा ओठ थरथरला. तिने रडणं दाबून धरलं, आणि ते रास्तकोला बघवेना.

तेवढ्यात नेवेन्का आली. दारातच थबकली. कोट काढला, स्वेटर काढला, मग कोचापाशी गेली आणि दुन्यावरून एकेक थर उतरवायला लागली. रजई, घोंगडी, शाल, जाड स्वेटर, त्याच्याखाली पातळ स्वेटर, टोपी, मोजे. पार खाली एक मुलगी निघाली.

"काय दुखतंय, दुन्या?"

"काही नाही. उकडतंय."

"तेच म्हटलं." नेवेन्का उठली, खिडकीपाशी गेली, टॉवेल उपसला आणि खिडकी सताड उघडली. मग कुणाला काही कळायच्या आत समोरच्या भिंतीशी जाऊन तिने दुसरीही उघडली.

"दोन!" कोसाराबाई किंचाळल्या. "समोरासमोर!"

पाहुण्यांनी एकदम आपापल्या मानगुटी धरल्या. स्तामेनाबाईंनी टेबलावरचा रुमाल डोक्याला गुंडाळला. आणि नेमक्या त्याच क्षणी पाद्री ओबराद यांनी बाहेरचं दार उघडलं. नोव्हेंबरचा वारा खोलीतून असा गेला, की मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. स्लावाची मेणबत्ती वाऱ्याने विझली तर घराला वर्षभर नाट लागते. पाद्रीबाबांचं वय आणि वजन बघता त्यांनी मारलेली उडी कौतुकाची होती. झगा पसरून त्यांनी ज्योत पोटाशी घेतली, दाढीची दोन-चार टोकं करपली, पण मेणबत्ती राहिली.

"विझली नाही!" ते झग्याआडून म्हणाले.

घटकाभरात दुन्याच्या चेहऱ्यावरची लाली उतरली. ती कोचावरून टुणकन उतरली, हात धुऊन आली आणि टेबलाशी उभी राहिली. कोसाराबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, पुन्हा लावला, मग पाठीवर लावला. कुठेच काही नव्हतं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्या खिडकी लावायला धावल्या.

पाव फिरला. दुन्याचे दोन छोटे हात, यास्नाचे, कोसाराबाईंचे आणि रास्तकोचे. रास्तकोचे हात इतके थरथरत होते, की पाव फिरताना ठेचकाळत होता.

"यजमानांना भरून आलंय," पाद्रीबाबा गहिवरून म्हणाले.

रास्तकोला खरंच भरून आलं होतं. पोरगी खदखदा हसत होती, पुरे म्हटलं तरी पाव सोडत नव्हती. तिच्याकडे बघता बघता त्याचे गुडघे हळूच दुमडले आणि तो खुर्चीत बसला, म्हणजे खुर्ची तिथे होती म्हणून बसला. नेवेन्काने त्याचा हात धरला.

"अरे, हा भाजतोय! तो थर्मामीटर आण बघू, यास्ना."

"तो बिघडलाय," रास्तको पुटपुटला. "मला साडेअडतीस दाखवतो."

नेवेन्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आवरेना. "रास्तको, काल तू पण टोचून घे—"

"खिडकी!" कोसाराबाई मध्येच गरजल्या. "सांगत होते की नाही? दोन खिडक्या उघडल्या, वर दार, आणि हा बरोबर मधोमध उभा! ज्या पोरीला लस टोचली ती बघा, गुलाबासारखी आहे. लशीने काही होत नाही माणसाला. माणूस जातो तो आरपार वाऱ्याने!"

खोलीभर माना डोलल्या.

"काकू, तसं नाही," नेवेन्का म्हणाली. "त्याला ताप आलाय तो—"

रास्तकोने तिची बाही घट्ट पकडली. ताप चढलेल्या त्याच्या डोक्यात त्या दिवसातला पहिला शहाणा विचार आला होता. खरं सांगितलं, की 'बघा, लशीने ताप येतो' हेच आईच्या मनात बसणार, आणि मग दुन्याला पुढच्या वर्षी काय, या जन्मात कुणी सुई दाखवू देणार नाही.

"गप्प बस," तो कुजबुजला. "पुढच्या वर्षी पोरीला पुन्हा टोचायचीय." आणि मोठ्याने म्हणाला, "हो आई. वाराच लागला मला."

"लागणारच! लहानपणापासून तसलाच आहेस."

नेवेन्काने ओठ चावला. "विश्रांती घे, भरपूर पाणी पी," ती म्हणाली. "उद्या-परवा उतरेल. वारा बहुधा असाच उतरतो."

यजमानाला आतल्या खोलीत झोपवलं. पायाला राकिया चोळली, वर व्हिनेगरचे मोजे चढवले, बटाट्याच्या चकत्या बांधल्या आणि हंसाची चरबीही वाया जाऊ दिली नाही. बाहेर भाजलेल्या मांसाचा घमघमाट सुटला होता. त्याला पातळ सूप मिळालं. दर थोड्या वेळाने एक पाहुणा तोंड पुसत आत येई, खिडक्यांच्या मध्ये कसं उभं राहू नये ते समजावून सांगे आणि परत वाढून घ्यायला जाई. यास्ना आली तेव्हा दार लावून शेजारी बसली. तिला सगळं कळलं होतं. तिने रुमालात बांधून मांसाचा एक तुकडा आणला होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने त्याला भरवला. त्याला वाटलं, आपला निर्णय अगदीच काही वाईट नव्हता.

बाबाने डोळे मिटून आधी स्वतः कसं टोचून घेतलं, हे दुन्याने एव्हाना आजीला सांगून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात कोसाराबाई स्तामेनाबाईंना घेऊन स्वतःच दवाखान्यात गेल्या. गल्लीतल्या आणखी चार बायका मागोमाग होत्या. कोसाराबाईंनी आधी खोलीतल्या खिडक्या बंद आहेत का ते बघितलं, मग बाही वर केली आणि सुई जाताना नर्सच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिल्या.

नर्सने नेहमीप्रमाणे विचारलं, "घरात याआधी कुणाला लशीनंतर ताप वगैरे आला होता का, आजी?"

"छे गं," कोसाराबाई म्हणाल्या. "नातीने घेतली, ठणठणीत आहे. मुलाने घेतली, त्यालाही लशीने काही झालं नाही. पण त्याला तू खिडकीशी बसवू नकोस हो कधी. मेलं फार नाजूक आहे ते पोर."